भात ढीगभर, वरण पातळ



धानाच्या भावावर आपल्या सभेत तासन्‌तास बोलणे होते, व्हायलाच पाहिजे. पण घरच्या ताटाचा हिशेब आपण कधी मांडला? गोंदिया जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या ताटात भात ढीगभर आणि वरण पातळ. घरची बाई शेवटी जेवायला बसते, तेव्हा तेही गंजाच्या तळाशी उरलेले असते.

भातात लायसीन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते भातात आहे. दोन्ही मिळून अंगाला लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 85 ग्रॅम कडधान्य सांगितले. म्हणजे पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो. आपण किती आणतो? अन्नसुरक्षा कायद्याच्या माणशी 5 किलो धान्यातही डाळ नाही.

डाळ आपल्याकडे पिकत नव्हती काय? धुऱ्यावर तूर होती. कापणीआधी उभ्या धानात लाखोरी आणि जवस फोकायचे. नांगरट नाही, पाणी नाही, बांधीच्या ओलीवर पीक. लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, मग डाळ, गुरांना कुटार आणि जमिनीला नत्र. कृषी पदवी घेऊन आलो तेव्हा मीच गावोगाव सांगत होतो, लाखोरी सोडा, उन्हाळी धान लावा. चूक झाली. धान वाढला, डाळ दुकानात गेली.

लाखोरीची भीती खोटी नव्हती. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. म्हणून 1961 साली केंद्राने विक्रीवर बंदी घातली. पुढे शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा ही कमी विषाची वाणे काढली. बियाणे त्यांचेच घ्या. डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका. आणि रोज लाखोरीच नको; तूर, हरभरा, मूग आलटून-पालटून शिजवा. सोबत परसातली अंबाडी, शेवग्याचा पाला आणि जवसाची चटणी असू द्या.

आता सरकारला विचारू. हमीभावाच्या यादीत लाखोरी नाही, जवस नाही. मग कास्तकाराने धानाशिवाय काय पेरावे? रेशनवर डाळ द्या आणि तूर, हरभरा आमच्याकडून रास्त भावाने घ्या, हा ठराव या सभेत झाला पाहिजे.

पण सगळेच सरकारवर ढकलता येणार नाही. धान कापला की गुरे मोकाट सुटतात आणि रब्बीचा कोंब राहत नाही. गुरे बांधायची की नाही, हे गावानेच ठरवायचे आहे. प्रत्येक गावाने तो निर्णय करावा, प्रत्येक घराने एक बांधी डाळीला द्यावी. आणि आज रात्रीपासून वरण घट्ट करा, बाईचे ताट सगळ्यांसोबत वाढा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.