अंगणातले शिक्षण

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संपादकाने सरत्या वर्षातील वाङ्मयीन घडामोडींचा परामर्श घ्यावा असा शिरस्ता आहे. परंतु यंदाच्या अंकाचा पहिला विभाग आम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवला असल्यामुळे, आणि तो विषय केवळ शिक्षकांच्या परिषदांपुरता नसून प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा आहे अशी आमची धारणा असल्यामुळे, या जागी त्यासंबंधीचे आपले मत मोकळेपणाने मांडण्याची मुभा आम्ही घेत आहोत. ते मत थोडक्यात असे की, या वयातील मुलाची बुद्धी, भाषा, हात आणि स्वभाव ही सारी ज्या एका व्यवहारातून घडतात तो व्यवहार म्हणजे खेळ. आणि जो वर्ग मुलाचा खेळ काढून घेऊन त्याच्या हाती पाटी देतो, तो शिक्षणाला लवकर प्रारंभ करीत नाही, चालू असलेले शिक्षण बंद पाडतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि इमारतींच्या जिन्यांखाली मुले किल्ले रचीत असतील. त्या कामाकडे थोडा वेळ थांबून पाहावे. दगड-विटांच्या राशीवर जुने पोते टाकून त्यावर चिखल लिंपताना, पाणी अधिक झाले की माती उतारावरून ओघळते आणि कमी पडले की सुकताच तिला भेगा जातात, हे पाच वर्षांच्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. ते त्याच्या बोटांना कळलेले असते, आणि दुसऱ्या वेळी पाणी घालताना त्याचा हात आपोआप आखडतो. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायचा तर अळीव चार-सहा दिवस आधी पेरले पाहिजेत, हा उलट दिशेने केलेला काळाचा हिशेब आहे. प्रत्येक बुरुजावर एक मावळा उभा करताना शेवटी एक बुरूज रिकामा राहिला, म्हणजे मावळे कमी की बुरूज अधिक, यावर जो वाद होतो, तो संख्येचा पहिला खरा पाठ होय. आणि महादरवाजा कोठे ठेवावा याविषयी थोरल्या भावाचे म्हणणे न पटून धाकटी बहीण जेव्हा "मग तोफा कुठून न्यायच्या?" असे विचारते, तेव्हा प्रयोजन, कारण आणि प्रतिवाद यांची भाषा ती वापरीत असते. एवढे सारे ज्या वर्गात एका सकाळी शिकवून होईल असा वर्ग आमच्या तरी पाहण्यात नाही.

हे तत्त्व नवीन नाही. फ्रबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी काढलेल्या शाळेचा पायाच खेळ होता, आणि मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये उघडलेल्या बालगृहाने इंद्रियशिक्षणाची साधने जगाला दिली. मात्र ही विद्या आपल्याकडे आली ती जशीच्या तशी उचललेली नव्हती, याचे श्रेय दोन व्यक्तींना दिले पाहिजे. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी काम केले, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरीबाईंचा परीकथा आणि कल्पनेतील खेळ यांच्यावर विशेष भरवसा नव्हता. लहान मुलाने आधी वास्तवाशी परिचय करून घ्यावा असा त्यांचा आग्रह असे. गिजुभाईंनी मात्र लोककथा, गाणी आणि नाट्य यांना बालमंदिराची दारे सताड उघडली. आमच्या मते हा फरक गौण नाही. भातुकलीत खापराच्या तुकड्यांची भाकरी करणाऱ्या मुलीला ते खापर आहे हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही ती एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूचे काम करवून घेते; पुढे एका रेषेकडून ध्वनीचे आणि एका खुणेकडून संख्येचे काम करवून घ्यावयाचे असते, त्याची पूर्वतयारी याच चुलीपुढे होते.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेथपासूनची हकीकत मराठी वाचकाने पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. गावात बालवाडी उघडूनही वस्तीवरची मुले तिच्यात येत नाहीत असे दिसल्यावर, हजेरीपटावर गैरहजेरीची नोंद करून स्वस्थ बसण्याऐवजी या दोघींनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीचे मूळ तेथे आहे. महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, चिंचोके, खडे, पाने, बांबूचे तुकडे आणि माती यांच्यावर वर्गीकरण, क्रम आणि मोजणी सुरू झाली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरांमागे जाणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली. दारिद्र्यामुळे बालशिक्षणाचा दर्जा खाली आणावा लागतो, ही सबब त्या टेकडीवर कायमची निकालात निघाली आहे.

असे असता शहरांतील, आणि आता तालुक्याच्या गावांतीलही, बालवर्गांत काय दिसते? साडेतीन वर्षांचे मूल चार ओळींच्या वहीत एकच अक्षर पानभर गिरवीत असते, त्याला घरचा अभ्यास असतो, आणि पालक तो पुरा करून घेण्यासाठी तगादा लावीत असतात. मनगटाच्या आठ हाडांपैकी बरीचशी या वयात अद्याप कूर्चेच्याच स्वरूपात असतात. लेखणीवर काबू यावा म्हणून त्या हाताला हवी असते माती मळणे, सागरगोटे झेलणे, मणी ओवणे, झाडाला लोंबकळणे. हे न देता अक्षर मागितले की मूल खांद्यापासून जोर लावून लिहिते, बोटे पांढरी पडेपर्यंत पेन्सिल दाबते, आणि लिहिण्याविषयीचा कंटाळा अक्षरांच्या आधी शिकते. पालकांना आम्ही दोष देत नाही. शेजारचे मूल मागे टाकील या भयाने ते शिक्षिकेवर दडपण आणतात, आणि तिला ते सोसावे लागते.

खेळ म्हणजे मोकाट सोडणे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. चांगली बालवाडीताई काय करते ते पाहिले म्हणजे हा काम टाळण्याचा मार्ग नव्हे हे ध्यानी येते: मुलांच्या हाताला पोहोचेल अशा फळीवर ती वस्तू मांडते, काल कोणत्या वस्तूशी कोण किती रमले ते मनात टिपते, दुकान-दुकान खेळणाऱ्या गटात गिऱ्हाईक होऊन शिरते, उधारी मागते, आणि नव्या अडचणीची ठिणगी टाकून बाजूला होते. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, कल्पित भूमिकेत शिरलेले मूल त्या भूमिकेचे नियम स्वेच्छेने पाळते आणि तात्कालिक इच्छेला आवर घालते. पहारेकरी झालेला चार वर्षांचा मुलगा जागेवरून हलत नाही. त्याच मुलाला "गप्प उभा राहा" असा हुकूम करून पाहावा.

शासनाच्या दफ्तरी ही गोष्ट आता मान्य झाली आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत शालापूर्व शिक्षणाचा अंतर्भाव होताच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाचा एक सलग पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला केंद्रस्थान दिले. परंतु अंमलबजावणीचा भार जिच्यावर आहे ती अंगणवाडी सेविका सकाळी वजने घेते, आहार वाटते, लसीकरणासाठी मुले गोळा करते, सर्वेक्षण करते, भ्रमणध्वनीवर माहिती भरते, आणि एवढे करून तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. वेगवेगळ्या खात्यांच्या तक्त्यांतून तिचे दोन तास सोडविल्याखेरीज धोरणातील खेळ कागदावरून उठून अंगणात येणार नाही, हे आम्ही संबंधितांच्या निदर्शनास स्पष्टपणे आणू इच्छितो.

पालकांकडेही एक मागणे आहे. प्रवेशासाठी बालवाडीत जाल तेव्हा अक्षरे कोठवर झाली असे विचारू नका. वाळू आणि पाणी कोठे आहे ते पाहा, दिवसातून किती वेळ मुले न अडविता खेळतात ते विचारा, अपुरा राहिलेला मनोरा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवू देतात का याची चौकशी करा. या विभागातील लेख वाचून आपल्या भागात मुले कोणते खेळ खेळतात, ते कोणत्या वस्तूंनी खेळले जातात आणि त्यांचे नियम काय, हे शिक्षक, सेविका आणि आजी-आजोबांनी आम्हाला कळवावे. आलेला मजकूर निवडून, ज्या बालवाड्यांना तो उपयोगी पडेल त्यांच्यासाठी त्याची स्वतंत्र पुस्तिका काढण्याचा आमचा विचार आहे.