तिकीट काढायचा वार

"मंगळवारी रात्री बाराच्या पुढे तिकीट काढायचं. आणि इन्कॉग्निटोमध्येच बघायचं, नाहीतर आपण बघतोय हे ओळखून ते भाव वाढवतात." हा सल्ला मी ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, बीकेसीला अमेरिकेच्या व्हिसासाठी रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांकडूनही ऐकला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी, असं घर पुण्या-नाशकातच नव्हे, साताऱ्या-सांगलीतही आता गल्लीगल्लीत आहे. दोघांचं अमेरिकेचं परतीचं तिकीट म्हणजे अशा घरात पेन्शनचे कित्येक महिने. एवढा पैसा ज्या सल्ल्यावर खर्च होतो तो तपासून घेतलाच पाहिजे, आणि तपासला की तो टिकत नाही. तिकीट कोणत्या वारी काढलं यावर भाव ठरत नाही. तुम्ही निघणार कधी आणि परतणार कधी, यावर ठरतो.

आधी विमानाचा भाव बनतो कसा ते पाहू. इकॉनॉमीतल्या सगळ्या खुर्च्या बसायला सारख्याच असतात, पण विकताना त्यांचे दहा-बारा गट केलेले असतात. प्रत्येक गटाला एक अक्षर असतं: वाय, बी, एम, के, क्यू, व्ही, एल, असं काही. प्रत्येक अक्षराचा भाव निराळा आणि अटी निराळ्या: किती दिवस आधी तिकीट काढायचं, तिकडे किमान किती दिवस राहायचं, रद्द केलं तर किती कापणार. स्वस्त अक्षरातल्या खुर्च्या संपल्या, किंवा कंपनीने त्या दिवसासाठी ते अक्षर बंद केलं, की पुढचं महाग अक्षर समोर येतं. रात्री पाहिलेला भाव सकाळी सहा हजारांनी वाढतो तो बहुधा यामुळे. कधी साइटवर कालचा साठवलेला जुना भाव दिसत असतो आणि पैसे भरायच्या पायरीवर खरा समोर येतो. बघणाऱ्याला वाटतं, आपल्यावर पाळत आहे. एकाच वेळी दोन निराळ्या फोनवर, एक नेहमीचा आणि एक कधीही विमान न शोधलेला, तीच तारीख टाकून पाहा. मी पुष्कळदा पाहिलं आहे. भाव तोच येतो.

या अक्षरांमुळेच घडणारी एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. चौघांचं कुटुंब एकदम शोधतं तेव्हा स्वस्त अक्षरात दोनच खुर्च्या उरल्या असतील, तर बऱ्याचदा चौघांनाही पुढच्या महाग अक्षराचा भाव लागतो. म्हणून आधी एकट्याचा भाव पाहावा, मग दोघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर दोन-दोनची तिकिटं काढता येतात. तोटा एवढाच की पीएनआर दोन होतात आणि वेळापत्रक बदललं तर दोन जोड्या दोन विमानांत जाऊ शकतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी हे करणार नाही.

मंगळवारची समजूतही अगदी हवेतून आलेली नाही. अमेरिकेत कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला सवलती जाहीर करत आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या कंपन्या त्यांची बरोबरी करत. तेव्हा दरपत्रकंही दिवसातून मोजक्या वेळाच बदलत. आता ती दिवसभर बदलत असतात. त्या देशातल्या देशांतर्गत प्रवासाची जुनी गोष्ट आपण मुंबई-बॉस्टनला लावून बसलो आहोत. "शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळतं" हेही तसंच. युरोपात उन्हाळी सहलींसाठी भाड्याने घेतलेली विमानं रिकामी जाऊ नयेत म्हणून शेवटी जागा स्वस्तात विकत, तिथे ते खरं होतं. लांबच्या नेहमीच्या उड्डाणांवर शेवटच्या चार दिवसांत तिकीट काढतो तो कंपनीच्या पैशाने जाणारा माणूस, किंवा ज्याच्या घरी काही विपरीत घडलं आहे तो. दोघेही भाव पाहून थांबणार नाहीत, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

हे ठाऊक असणं हाच या धंद्याचा पाया आहे. २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकर यांच्या स्कायट्रेन या विमानसेवेने लंडन-न्यूयॉर्क एकेरी प्रवास ५९ पौंडांत सुरू केला. आधी ठरवून दिलेल्या दरांची सवय असलेल्या मोठ्या कंपन्यांना तो मोठा धक्का होता. पुढच्या वर्षी अमेरिकेने देशांतर्गत दरांवरचं सरकारी नियंत्रण काढायला घेतलं आणि पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्या उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्याला जे उत्तर दिलं ते आजही चालू आहे: थोड्या खुर्च्या अगदी स्वस्त, पण आगाऊ खरेदीच्या अटीवर, आणि उरलेल्या पूर्ण भावात. ज्याचा वेळ मोकळा आहे तो अटी पाळून स्वस्तात जातो, ज्याचा अडकला आहे तो जास्त देतो. दोन वर्षांत पीपल एक्सप्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तुम्ही-आम्ही फोनवर बोट फिरवतो तेव्हा हीच चाळणी आपल्यावर चालते. त्यात विचारलेला प्रश्न एकच असतो, तुमची तारीख हलते का?

उत्तराची घाई करण्याआधी मला एक अनुभव सांगायचा आहे, कारण सगळ्यात कमी आकडा म्हणजे सगळ्यात स्वस्त, ही आणखी एक समजूत त्याने माझ्या मनातून काढून टाकली. साताऱ्याची माझी थोरली बहीण, आमची ताई, भाचीच्या बाळंतपणाला बॉस्टनला निघाली होती. तिकीट मी काढलं. एका साइटवर एक पर्याय बाकीच्यांपेक्षा १४ हजारांनी स्वस्त दिसला: मुंबई ते युरोपातलं एक शहर, तिथून बॉस्टन. मधला थांबा पाच तासांचा. मला तो एकच प्रवास वाटला. प्रत्यक्षात ती दोन कंपन्यांची, एकमेकींशी संबंध नसलेली दोन तिकिटं होती. तसं लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरात, पान पार खाली सरकवल्यावर.

रात्री अडीच वाजता मुंबईच्या काउंटरवर ताईचे दोन्ही नग काट्यावर होते. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, भाजणी, बाळाची झबली. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही कागद पाहिले आणि विचारलं, "शेंगेन व्हिसा?" ताईकडे अमेरिकेचा व्हिसा होता. एका तिकिटावर प्रवास असता तर विमानतळाच्या आतूनच विमान बदलता आलं असतं आणि बॅगा परस्पर पुढे गेल्या असत्या. दोन तिकिटं असल्यामुळे बॅगा त्या शहरातच उतरणार होत्या. त्या घ्यायला बाहेर यावं लागणार होतं आणि बाहेर यायला शेंगेन व्हिसा लागणार होता. त्याने नियमाप्रमाणे तिला विमानात चढू दिलं नाही. त्याची काही चूक नव्हती. ताई काही बोलली नाही, ट्रॉलीला धरून उभी राहिली. पहाटेपर्यंत मी दुसरं एकेरी तिकीट काढलं, ९२ हजारांचं. पहिल्यातलं जवळपास काही परत आलं नाही. ताई पोचली तेव्हा नात एक दिवसाची झाली होती.

म्हणून भाव पाहताना मी आता आधी पीएनआर पाहतो. एक आहे की दोन? मग बॅगा. युरोपच्या कित्येक स्वस्त तिकिटांत चेक-इन बॅग धरलेलीच नसते आणि ती नंतर घ्यायला गेलं की वाचलेले पैसे तिथेच जातात. अमेरिकेला अजूनही बऱ्याच तिकिटांवर २३ किलोचे दोन नग मिळतात. विद्यार्थ्यांच्या तिकिटावर अनेक कंपन्या आणखी एक नग देतात, पण त्यासाठी तिकीट विद्यार्थी म्हणूनच काढावं लागतं, आणि घाईत हेच राहून जातं. मग थांबा कुठे आणि किती वेळ. थेट विमानापेक्षा आखातातून किंवा युरोपातून वळसा घालणारं विमान स्वस्त कसं, असं लोक विचारतात. थेट जाणारी कंपनी तुमचा वाचलेला वेळ विकत असते. वळसा घालणारीला मात्र मुंबईचा प्रवासी आपल्या शहरामार्गे ओढायचा असतो, म्हणून ती भाव पाडते. तीन-साडेतीन तासांचा थांबा आणि आधी सांगून ठेवलेली व्हीलचेअर असेल तर सत्तरीच्या माणसालाही तो वळसा झेपतो. रात्री अकरा तास विमानतळावर काढायला लावणारा थांबा मी आई-वडिलांसाठी कधीच घेणार नाही, कितीही वाचत असले तरी.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचं म्हणणं, यात आपल्या हातात काहीच नाही, कंपन्या लुटणारच, जे दिसेल ते काढून मोकळं व्हावं. यात थोडं तथ्य आहे. भारत आणि दुबई यांच्यातल्या विमानसेवा करारातली आठवड्याची सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा २०१४ मध्ये ठरली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तीच राहिली, मागणी मात्र वाढत गेली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेकडचे मार्ग लांबले. यावर घरातल्या कुणाचाही उपाय चालत नाही. पण एकाच मार्गावर, एकाच कंपनीत, तीन आठवड्यांच्या अंतराने भाव केवढा तरी बदलतो, हेही तितकंच खरं, आणि तेवढं आपल्या हातात असतं.

जुलैअखेरपासून ऑगस्टभर मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी विमानं विद्यार्थ्यांनी भरलेली असतात. सुट्टीत भारतात आलेली तिकडची कुटुंबंही शाळा उघडायच्या म्हणून तेव्हाच परततात. म्हणजे गर्दी एका दिशेची असते. सप्टेंबरच्या मध्याला ती ओसरते. डिसेंबरात लोंढा भारताकडे येतो आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उलटा फिरतो. मे महिन्यात आपल्याकडच्या शाळांना सुट्टी, तेव्हा पुन्हा चढाव. हे कळायला कोणतीही गुप्त साइट लागत नाही. परतीची तारीखही याच नजरेने पाहावी, कारण परतीचं तिकीट एकत्र काढलं की दोन्ही दिशांचा हिशेब एकदम होतो. मोठ्या कंपन्यांत दोन एकेरी तिकिटांपेक्षा परतीचं तिकीट बऱ्याचदा पुष्कळ स्वस्त पडतं. फक्त पहिला टप्पा चुकवायचा नाही. तो सोडला तर पुढचे सगळे टप्पे सहसा रद्द होतात.

काही तारखा हलत नाहीत, हे मला मान्य आहे. बाळंतपण, लग्न, विद्यापीठाची सुरुवात. तिथे भाव उतरायची वाट पाहण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी तारीख दिली, व्हिसा हातात आहे, तर त्याच आठवड्यात तिकीट काढावं. आणि बेत मोडलाच तर पैसे बुडाले म्हणून गप्प बसू नये. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे भारतीय कंपन्यांना परत न मिळणाऱ्या तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावी लागतात, प्रवास केला नाही तरीसुद्धा. परदेशच्या तिकिटात ही रक्कम लहान नसते. कोल्हापूर-बेळगावच्या लोकांनी मुंबईबरोबर गोवा, बंगळूर, हैदराबादहून निघणारे भावही पाहावेत आणि त्यात घरापासूनच्या गाडीचं भाडं मिळवून मग तुलना करावी. गावातला चांगला एजंट हजार-दोन हजार जास्त घेत असेल, पण वेळापत्रक बदलल्यावर फोन उचलत असेल, तर तो महाग नाही.

बाकीच्या तारखा मात्र आपण समजतो त्यापेक्षा जास्त हलतात, आणि हे पाहायचं काम फोनवर होत नाही. गेल्या वर्षी ताईला नातीला भेटायला पुन्हा जायचं होतं. तिच्या मनात ऑगस्टचा पहिला आठवडा होता. मी साताऱ्याला गेलो, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. ऑगस्ट का? तर नेहमी तेव्हाच जातात म्हणून. गौरी-गणपती तिला घरीच करायचे होते. पितृपंधरवड्यात निघायचं नाही, असं तिच्या सासरचं वळण होतं. ती थोडा वेळ पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मामंजींचं श्राद्ध करून दुसऱ्या दिवशी निघाले तर त्यांना वाईट वाटणार नाही." सप्टेंबरच्या मध्यातला तो बुधवार निघाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापेक्षा ३१ हजार कमी. त्याहून ९ हजारांनी स्वस्त आणखी एक पर्याय दिसत होता, दोन पीएनआरचा. तो आम्ही बाजूला ठेवला.

या वेळी काउंटरवरच्या मुलीने दोन्ही नगांना पट्ट्या लावल्या, पावत्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवल्या आणि म्हणाली, "आजी, बॅगा आता बॉस्टनलाच घ्या."