सरकारी वकील कुणाचा?

आपल्यातलेच काही जण म्हणतात : ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये सरकारी वकिलानं आरोपीला पिंजऱ्यात उभा करून सोलून काढला पाहिजे. मी म्हणतो, राग खरा आहे, मागणी चूक आहे. कारण त्या पिंजऱ्यात उद्या कोण उभा असणार, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आपल्या नाशिकचंच घ्या. जून २००३. नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली, बाईवर आणि पोरीवर बलात्कार केले. गुन्हा भयंकरच. पोलिसांनी सहा जण धरले. भटक्या जमातीचे, हातावर पोट असलेले. २००६ ला नाशिकच्या सेशन कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ ला हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली. २००९ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाही जणांना फाशी! आणि मार्च २०१९ ला तेच सुप्रीम कोर्ट म्हणालं, सहाही निर्दोष. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चार जण ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच नाही. ह्यांची सोळा वर्षं गेली. एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई प्रत्येकी ५ लाख.

आता सांगा, इथं आरोपीला दरडावायचं कमी पडलं का? राहिलेला प्रश्न एकच होता : फोटोतले ते चौघं कुठायत? तो विचारणं सरकारी वकिलाचंही काम. तो फिर्यादीचा भाडोत्री पैलवान नाही, पोलिसांचा पोस्टमन नाही. आरोपीच्या बाजूचा कागद हाती असला तर तोही त्यानं कोर्टापुढं ठेवायचा असतो.

आणि कायदा काय म्हणतो? आरोपी स्वतः लेखी मागणी करून साक्षीदार झाला, तरच सरकारी वकील त्याची उलटतपासणी घेऊ शकतो. तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्यावर बोट ठेवायचं नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे संविधानाचं कलम २०(३). मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि कलमाला लाथ मारायची, हा कुठला आंबेडकरवाद?

मग आरोपीला विचारतं कोण? जज्ज. जुनं कलम ३१३, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३५१. शपथ नाही. पण २००९ पासून हे प्रश्न तयार करायला सरकारी वकिलाची मदत घेता येते. म्हणजे मागचं दार उघडंच. एका प्रश्नात चार गोष्टी कोंबायच्या, आणि आपला माणूस म्हणणार, 'खोटं हाय साहेब.' संपला जबाब! जो मुद्दा आरोपीला विचारलाच नाही तो त्याच्याविरुद्ध वापरायचा नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८४ सालीच सारडा केसमध्ये बजावलंय. ते किती जणांना माहीत आहे?

कुणी म्हणेल, मग खैरलांजी? २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जण दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू नाही म्हणालं. मी विचारतो, आरोपीवर कमी ओरडले म्हणून जात गायब झाली का? जात शाबित करायची ती साक्षीदारांतून, कागदांतून, तपासातून. तिथं सरकारला जाब विचारा.

तेव्हा घोषणा पुरे, कामाला लागा. तारखेला कोर्टात जाऊन मागं बसा. आरोपी आपला असो, नाहीतर आपल्यावर हात टाकणारा असो. प्रश्न वहीत उतरवून घ्या. निव्वळ अपमान करायला विचारलेला प्रश्न कोर्टानं अडवलाच पाहिजे, असं पुराव्याच्या कायद्यात लिहिलंय. आपल्या माणसाच्या वकिलाला ते दाखवा. ३५१ खाली लेखी निवेदन द्यायची परवानगी मागता येते, ती मागायला लावा.

जो नियम दुसऱ्यासाठी मोडाल, तो आपल्या पोरासाठी शाबूत सापडणार नाही. नाशिकच्या सहा जणांना विचारा.

जयभीम.