वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांस



हे पत्र पाकिटातून द्यायचं होतं, पण तुमच्या गेटवरचा वॉचमन पाकीट घेत नाही. साहेब शनिवारी येतात, नाहीतर नाही येत, म्हणतो. म्हणून उघडच लिहितो. कर्जत-चौक रस्त्याला, मुरबाड रस्त्याला, नेरळकडे, खालापुरात, तुमच्यासारखे बंगलेवाले शेजारी आता गावोगाव झालेत. ज्याला लागू पडेल त्याने आपल्या नावाचं समजून वाचावं.

तक्रार पाण्याची आहे. भाताची खाचरं उतारावर एकाखाली एक असतात. वरचं भरलं की बांधातल्या मोरीतून जादा पाणी खालच्याला, तिथून त्याच्या खालच्याला आणि शेवटी ओहोळाला. कुणी किती अडवायचं, कधी सोडायचं, हे कुठल्या कागदावर नाही. लावणीच्या दिवसांत वरचा माणूस फावड्याने दोन ढेकळं बाजूला करतो आणि खालच्याला हाक मारतो, झालं. तुमच्या बिल्डरने वरच्या खाचरांवर कंबरभर मुरूम ओतला, प्लॉट आखले आणि कडेने सलग भिंत घातली. मोऱ्या भिंतीखाली गेल्या.

आता सगळा लोंढा भिंतीच्या एकाच कोपऱ्यातून सुटतो. तिथल्या माझ्या खाचरात पाणी तुंबून रोपं कुजली. भिंतीच्या दुसऱ्या टोकाचं खाचर पूर्वी सगळ्यात आधी भरायचं. श्रावणात चार दिवस उघडीप पडली की आता त्याला भेगा जातात. बांधावर उभं राहिलं की दोन्ही एकाच नजरेत दिसतात. पाण्याबरोबर मुरूमही उतरतो. चिकण मातीवर त्याचा थर बसला की चिखलणी नीट होत नाही, पाणी ठरत नाही. भात कापल्यावर उरल्या ओलीवर आम्ही वाल टाकतो. त्या तुकड्यात वाल उगवतो, पण शेंग धरत नाही.

बिल्डरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, इथे काय पिकत होतं काका, पडीकच तर होती. हे मात्र लागलं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ ही बियाणी कोकणात कुठे कुठे पेरली जातात ते एकदा विचारा. उन्हाळ्यात शेत उघडं दिसलं म्हणून ते पडीक ठरवायचं असेल, तर आठवड्याचे पाच दिवस कुलपात असलेल्या तुमच्या बंगल्याला काय म्हणायचं?

शहराला द्यायला आम्ही कधी मागे राहिलो नाही. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. पण भिवपुरीला वीज करून सुटलेलं पाणी पेज नदीला आणि राजनाल्याला आलं, त्यावर इथे उन्हाळी भात झाला. त्या सौद्यात निदान पाणी तरी परत मिळालं. पुढे खालापुरातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला गेलं. २०१३ मध्ये नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं प्रभाव क्षेत्र, जाहीर झालं, खालापुरातली गावं सिडकोच्या नकाशात आली. आता पनवेल-कर्जत दुहेरी लोहमार्गाचा प्रकल्प आहे, विमानतळ आहे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक होर्डिंगवर दोन्हींची अंतरं मिनिटांत लिहिलेली आहेत.

जमिनी विकल्या कुणी, असं तुम्ही विचाराल. आमच्याच लोकांनी. मजूर मिळत नाही, भाताच्या दरात खर्च निघत नाही, सातबारावर आठ-दहा नावं, त्यातली निम्मी डोंबिवली-पनवेलला. एकाने सही केली की बाकीच्यांना धीर निघत नाही. मी त्यांना दोष देत नाही आणि कायदेशीर खरेदीखताबद्दल तुम्हालाही नाही. पण खरेदीखतात जमीन येते. डोंगरावरून येणारं पाणी आणि वाडीवरच्या बायकांची लाकडाफाट्याची वाट त्यात येत नाही. ती वाट तुमच्या क्लबहाऊसच्या जागेतून जात होती. आता कातकरवाडीच्या बायका मोळी घेऊन हमरस्त्याने, डंपरच्या कडेने चालतात. एप्रिल-मेमध्ये त्याच वाडीवर हंड्यांची रांग असते आणि त्याच दिवसांत तुमच्या तरणतलावासाठी टँकर येतो. टँकर त्यांच्यासमोरूनच जातो, दुसरा रस्ता नाही.

तुमच्या माहितीपत्रकात इर्शाळगडाचा फोटो आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच डोंगराखाली इर्शाळवाडी गाडली गेली. त्या दरडीशी तुमच्या बंगल्यांचा काही संबंध नाही, उगाच आरोप करणार नाही. पण तेव्हापासून पावसाचा जोर धरला की आम्ही डोंगराकडे निराळ्या नजरेने बघतो, आणि उताराला जेसीबी लागलेला दिसला की पोटात गोळा येतो. सॅम्पल बंगल्याच्या गच्चीवरून तो डोंगर ‘हिल व्ह्यू’ म्हणून दाखवला तेव्हा तुम्हाला कुणी हे सांगितलं का, एवढंच विचारतो.

कायदा आम्हालाही ठाऊक आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५: शेतीचं नैसर्गिक पाणी किंवा वहिवाटीची वाट बेकायदा अडवली, तर अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत हवा. भिंत झाली दिवाळीनंतर. पाणी अडलेलं कळतं पावसात. मुदतीचा हिशोब तुमच्या वकिलाने केलेला असणारच.

म्हणून मागणं सरळ तुमच्याकडे आहे. सोसायटी आता तुमच्या हातात आली आहे, बिल्डर पुढच्या गावाला गेला. भिंतीत जुन्या मोऱ्यांच्या जागी पाइप टाकून द्या आणि मागच्या बाजूला माणूस मोळीसकट जाईल एवढी वाट सोडा. मोऱ्या कुठे होत्या ते मी दाखवतो, वाट वाडीवरची कुठलीही बाई दाखवेल. काम मृग लागायच्या आत झालं पाहिजे, त्यानंतर त्या मातीत खणता येत नाही.

आपला,
खालच्या अंगाचा शेतकरी