सोयाबीन: भाव हातात नाही, एकर हातात आहे

सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. काढणीनंतर बाजारात मात्र बरेच सौदे त्याखालीच झाले. हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. राज्यात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर (कृषी गणना २०१५-१६). ती वाढणार नाही. मग त्याच एकरात खर्चाचा रुपया कुठे टाकायचा, एवढाच निर्णय तुमचा.

आधी खत पाहू. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी रांग लागते आणि गोणीसोबत नको ते गळ्यात मारले जाते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून २४ किलो स्फुरद मिळते, युरियाच्या अर्ध्या गोणीतून सुमारे १० किलो नत्र. सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३०:६०:३०, म्हणजे एकरी १२:२४:१२ किलो. पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरते. सुपर फॉस्फेटमधून साडेसोळा किलो गंधकही येते. तेलबियांना ते हवेच असते आणि डीएपीत ते नसते. गोण्या जास्त, वाहतूक आणि हमाली जास्त, हे खरे. म्हणून दुकानात हिशोब गोणीचा नको, एकराचा करा. नंतर वरून युरिया फेकू नका. पिकाच्या मुळांवरच्या गाठी नत्र देतात, बीजप्रक्रियेत रायझोबियम वापरा.

सोयाबीन सरळ वाण आहे, दरवर्षी नवी पिशवी लागत नाही. घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे.

रुंद वरंबा सरीवर पेरले तर जास्तीचे पाणी सरीतून निघते, खंड पडला तर ओल टिकते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात शिवारेच पाण्याखाली गेली, तिथे कोणतीही सरी पुरली नसती. पण चार-सहा दिवस साचणाऱ्या पाण्यात फरक पडतो. अडचण यंत्राची आहे. दोन एकरवाल्याने ते विकत घेऊ नये, गटाने भाड्याने आणावे आणि पाळ्या आधीच ठरवाव्यात. वाफसा कुणासाठी थांबत नाही.

चार ओळींमागे तुरीच्या एक-दोन ओळी घ्या. सोयाबीन निघाल्यावरही तूर शेतात उभी राहते, तिची मुळे खोल जातात आणि पैसा वेगळ्या महिन्यात येतो. सलग तुरीत मर रोगाचा त्रास असेल त्या शिवारात मात्र रोगप्रतिकारक वाणच घ्या.