सरासरीवर विसंबू नये

वसईच्या वाडीत केळी लावावी की मोगरा, हा निर्णय बहुधा सरासरी उत्पन्न पाहून घेतला जातो. परंतु कर्जाचा हप्ता सरासरीने फिटत नाही. तो पडत्या वर्षीही भरावाच लागतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावरील बागाईतदारांस हेच शिकविले.

१९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम यांस सुचलेली माँटे कार्लो पद्धत येथे उपयोगी पडते. पाऊस, भाव व उत्पन्न यांचे आकडे सोडतीप्रमाणे पुनःपुन्हा उचलून संगणक हजारो संभाव्य हंगाम मांडतो आणि त्यांपैकी कितींत तोटा येईल, ते दाखवितो. मात्र आकडे चुकीचे, तर उत्तरही चुकीचे. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम वाडीच्या जमाखर्चाची वही नियमित लिहवून घ्यावी. आणि शेतकरी बंधूंनी वाईट हंगामातही फिटेल एवढेच कर्ज काढावे.