शिक्षा परिचारिकेला, अधिकार कोणाला?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली; ७ वाचवता आली. चौकशी झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना सेवेतून काढण्यात आले, आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेशही निघाले. लोकक्षोभ शमला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. तेथेही एक डॉक्टर व तीन परिचारिका यांना अटक झाली. केवळ शिक्षेने रुग्ण सुरक्षित होत असते, तर भंडाऱ्यानंतर नगरची वेळ आली नसती.

कर्तव्यात कसूर करणाऱ्यास जाब विचारलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो जबाबदारी आणि अधिकार यांच्या फारकतीचा. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस उभी असते ती परिचारिका. यंत्र तापते आहे, प्राणवायूचा दाब उतरतो आहे, हे बहुधा प्रथम तिलाच कळते. परंतु यंत्र बदलून मागण्याचा वा खाटा भरल्यावर अधिक हात मागण्याचा तिचा शब्द वर पोहोचतोच असे नाही. अधिपरिचारिकेने परिसेविकेस सांगावे, तिने अधिसेविकेस, आणि अधिसेविकेचे पत्र कार्यालयाच्या फायलीत विसावावे, अशी ही उतरंड आहे. जिची नोकरीच कराराच्या नूतनीकरणावर टांगलेली आहे, ती तर तक्रार करण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. भीतीपोटी झाकलेली लहान चूक पुढे मोठ्या अपघाताचे रूप घेते. म्हणूनच मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध केलेला संप हा केवळ त्यांच्या भाकरीचा लढा नव्हता. तो रुग्णाच्या प्राणाचाही होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे स्मरण हाती दिवा घेतलेली करुणामूर्ती म्हणून केले जाते. मृत्यूंची आकडेवारी मांडून लष्करी प्रशासनास जाब विचारणारी नाइटिंगेल सोयीस्करपणे विसरली जाते. परिचारिकांची सूत्रे परिचारिकांच्याच प्रमुखाकडे, म्हणजे मेट्रनकडे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. तिच्या नावाने दरवर्षी १२ मे रोजी गुलाबपुष्पे वाटणाऱ्या व्यवस्थेने हा आग्रह मात्र बाजूला ठेवला.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. अधिसेविकेला रुग्णालयाच्या निर्णयात बरोबरीचे स्थान आणि धोक्याचे यंत्र तत्काळ बंद करविण्याचा अधिकार असावा. चूक वा धोका कळवणारीस संरक्षण मिळावे आणि तिच्या तक्रारीवर काय झाले याची लेखी नोंद राहावी. रुग्ण कल्याण समित्यांवर असलेल्या कार्यकर्त्यांनी पुढच्याच बैठकीत ही नोंदवही मागावी. ती नसेल, तर पुढच्या दुर्घटनेतील पहिला आरोपी कोण ठरणार हे आजच ठरलेले आहे.